लिंबायतमधलं संमतीपत्र

"बोला, पैसे कोणाच्या खात्यात टाकायचे?" मी पेन उघडून विचारलं.

सुरतेतल्या लिंबायतच्या त्या खोलीत आम्ही दहाबाराजण दाटीवाटीने बसलो होतो. मी खानदेशातल्या एका गावची तलाठी. अतिवृष्टीत गावचा कापूस गेला, सरकारची मदत मंजूर झाली आणि घोडं संमतीपत्रावर अडलं. सातबारावर एकापेक्षा जास्त नावं असली की त्याला सामाईक खातं म्हणतात. मदत एकाच्याच बँक खात्यात जाते, बाकीच्यांनी 'आमची हरकत नाही' असं लिहून द्यायचं. आमचे अर्धे हिस्सेदार सुरतेत कापडाच्या लूमवर कामाला. खाडा पडला की पगार बुडतो, म्हणून ते गावी येईनात. मग सुट्टीच्या दिवशी मीच कॅम्प घेऊन आले. स्वतःवर फार खूश होते मी.

समोर भगवान बसला होता. ही खोली त्याचीच. शेतात त्याच्यासोबत दुसरं नाव सुनंदाचं, त्याच्या मयत धाकट्या भावाच्या बायकोचं. भगवान तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर. शेत तीच कसायची. सहीसाठी ती माझ्याबरोबरच गाडीने आली होती. वाटेत तिने दोनदा विचारलं होतं, "मॅडम, पैसे हरभऱ्याच्या पेरणीआधी येतीन ना?"

भगवान म्हणाला, "मोठा मी शे ना मॅडम. माझंच नाव लिखा. मी देसू तिले."

"सुनंदाताई, हरकत आहे का?"

तिने पदर पुढे ओढला आणि खाली बघत राहिली. मागे अजून सहा कुटुंबं ताटकळत होती. मी 'हरकत नाही' लिहिलं, बोट ठेवून जागा दाखवली. तिने सही केली.

पैसे वेळेवर आले. रब्बीच्या पीकपाहणीला गेले तर तिचं शेत उघडं.

"हरभरा नाही पेरला?"

"बियाणं कशाचं आणू? जेठनी पैसे दिलेच नही."

"मग तेव्हा बोलली का नाहीस? मी विचारलं होतं."

"जेठसमोर कशी बोलू, मॅडम? माले बाहेर बोलावून विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मी खानदेशातलीच. माझी आई जन्मभर जेठांसमोर बोलली नाही. मला हे माहीत नव्हतं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

भगवानला फोन लावला. "कारखानो बंद शे मॅडम, घरातच लागी गयात पैसे," तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता. तहसीलदार साहेबांकडे गेले. त्यांनी कागद पाहिला. "सही तिचीच आहे ना? मग आपण काय करणार?"

सुनंदाने शेत निमबटाईने, अर्ध्या वाट्यावर, कसायला दिलं आणि सुरतेला भगवानच्याच खोलीवर राहायला गेली.

पुढच्या वर्षी पुन्हा अतिवृष्टी, पुन्हा कॅम्प, खोली तीच. एका कोपऱ्यात साड्यांचा ढीग होता. सुनंदा मजुरीवर त्यांचे सुटे धागे कापत होती. उठून तिने मला पाणी दिलं.

"कशी आहेस?" मी विचारलं.

"मजामा शे," तिच्याऐवजी भगवानच म्हणाला.

मला फार लाज वाटली. त्या दिवशी प्रत्येक बाईला मी एकटीला खाली जिन्यापाशी नेऊन विचारलं. पाचजणींपैकी तिघींनी हरकत घेतली. कॅम्पला तासभर जास्त लागला, एवढंच.