बोरीचीनं अडवलं, म्हणून मी पळाले

पळण्यात मला तोड नव्हती, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. निमगाव सावाहून आळेफाटा, तिथं एसटी बदलून ओतूर, असं रोज कॉलेजला यायचं म्हणजे निम्मा जन्म एसटीच्या मागं धावण्यातच जायचा. सरांनी मुलींची बास्केटबॉलची टीम काढली आणि विचारलं, "पळतं कोण गं तुमच्यात?" तर मैत्रिणींनी एकमतानं मलाच पुढं ढकललं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्याकडं तोवर बास्केटबॉल कुणी बघितलाय!

कॉलेजच्या मागं सिमेंटचा कोबा होता आणि दोन लोखंडी रिंगा. एकीला जाळी होती, दुसरीला तीही नव्हती. आम्ही सातही जणी शाळेपासून खो-खो खेळलेल्या, आणि सगळा घोळ तिथंच झाला. समोरची पळाली की तिच्या मागं सुसाट सुटायचं आणि पाठीवर थाप मारायची, हे आमच्या हाडात मुरलेलं. पहिल्या सामन्यात तेच केलं. समोरची मुलगी बॉलला टप्पे देत निघाली, की आमची कुणीतरी मागून सुटायची आणि धपकन पाठीत! वर हात उंच करून आनंदानं ओरडायची, "आउट!" पंचांची शिट्टी. फाउल. पाच फाउल झाले की आपणच बाहेर, हे आम्हाला एकेक जण बाहेर जाताना कळत गेलं. सामना संपला तेव्हा आमच्या चौघी कडेला बसलेल्या आणि मैदानात आम्ही तिघीच. समोरच्या हसून हसून बेजार. मला असा काही संताप आला, की परत येताना एसटीत मी सगळा रस्ता खिडकीकडं तोंड करून बसले.

पण त्या दिवसापासून मला एकच ध्यास लागला. दरवर्षी आमच्या भागातल्या कॉलेजांमधून पोरी निवडून विभागाची टीम करायचे. ती टीम निळी जर्सी घालून पुण्याला शहराच्या पोरींशी खेळायला जायची. मला ती जर्सी हवी होती. घरी दोन्ही भाऊ म्हणाले होते, "रिंगात बॉल टाकून कुणाचं भलं झालंय का?" त्यांच्या नाकासमोर ती निळी जर्सी दोरीवर वाळत घालायची होती मला. बस्स.

दुसऱ्या वर्षी टीममध्ये बोरीची आली. बोरी बुद्रुकची म्हणून बोरीची, तशी मी निमगावची. आमच्यात गावावरूनच हाक मारायची पद्धत. तिच्या घरी शेती होती, पण वडलांनी मेंढरंही ठेवली होती. लहानपणी दिवाळी झाली की ती कळपाबरोबर कोकणात जायची, त्यामुळं शाळा तुकड्यातुकड्यांत झालेली आणि खो-खो कधी खेळलीच नव्हती. अंगानं बुटकी, बोलणं कमी. बॉल रिंगात टाकायला सांगितला तर फळीलाही लागायचा नाही. मी मनात म्हटलं, आता हिचं काय लोणचं घालायचंय?

सरांनी तिला माझ्यासमोर उभं केलं आणि मला म्हणाले, "जा हिला चुकवून."

मी उजवीकडं गेले, ती तिथं. डावीकडं वळले, ती तिथंही! हात पसरलेले, गुडघे वाकलेले, नजर माझ्या कमरेवर. मला बोट लावलं नाही, नुसती आडवी सरकत राहिली आणि मला ढकलल्यासारखं कडेच्या रेघेपर्यंत नेलं. मी चिडून बॉल आपटला, तर तो रेघेबाहेर गेला.

"कुठं शिकलीस गं हे?" सरांनी विचारलं.

"शिकायचं काय त्यात?" ती म्हणाली. "मेंढराच्या मागं धावलं की ते आणखीच धावतंय. त्याला जायचंय तिथं आपण आधी जाऊन उभं ऱ्हायचं. हात न्हाई लावायचा. नुसतं आडवं व्हायचं."

सर त्या दिवशी अक्षरशः नाचायचे बाकी राहिले. लांबून नेम धरून बॉल टाकणं आमच्यापैकी एकीलाही जमत नव्हतं. रिंगेखाली कुणी आडवं नसलं, तरच आमचा बॉल आत जायचा. म्हणजे समोरच्या पाचजणी परत यायच्या आत तिथं पोचलं पाहिजे. यालाच फास्ट ब्रेक म्हणतात, सरांनी सांगितलं. मी लगेच म्हटलं, "मग मी पळतेच की सर! मला कशाला अडवायला शिकवता?"

"पळशील गं बाई, पण बॉल कुठनं आणशील? आळेफाट्याच्या बाजारातनं?"

सगळ्या खदखदून हसल्या. माझं तोंड लिंबाएवढं झालं. तरी मी अडवण्यात कधी मन घातलं नाही, हे कबूल करते. बाकीच्या पोरी बोरीचीकडून आडवं सरकायला शिकल्या. मधली रेघ ओलांडून आलेल्या टीमला बॉल घेऊन मागं जाता येत नाही, हा नियम सरांनी सांगितल्यावर तर बोरीची खूष झाली. मेंढरं कोंडायच्या जाळीला त्यांच्यात वाघर म्हणतात. "मंग मधली रेघ म्हंजी वाघर, आन कडची रेघ म्हंजी बी वाघर," ती म्हणाली. "त्या कोपऱ्यात कोंडायची. तिथनं जाती कुठं?"

त्या वर्षी सामने मंचरला होते. निवड करणारे साहेब कागदपेन घेऊन टेबलाशी बसलेले. समोरची टीम गेल्या वर्षीचीच, आम्हाला हसलेली. त्यांची बॉल आणणारी मुलगी ऐटीत टप्पे देत आली, मधली रेघ ओलांडली, आणि बोरीची तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. सरकत सरकत तिला कोपऱ्यात नेलं. दुसऱ्या बाजूनं आमची आणखी एक आडवी झाली. त्या मुलीनं घाबरून कसाबसा बॉल फेकला, त्यावर बोरीचीचा हात पडला, आणि मी सुटले! मागं बघायची गरजच नव्हती. चार पावलं टाकली की बोरीचीनं फेकलेला बॉल माझ्यापुढं टप्पा घेऊन उभा. उचलला, दोन पावलं, उडी, आत! काय आवाज झाला मैदानात! पुन्हा तेच. पुन्हा तेच! त्यांना काय होतंय ते कळेचना. आमचे सर कडेनं आमच्याबरोबर पळत होते, चप्पल निघाली तरी पळत होते. मी इतकी ओरडत होते, की घसा बसला. आम्ही जिंकलो. राव, आम्ही जिंकलो! पोरींनी मलाच खांद्यावर घेतलं.

साहेबांनी गुणांचा कागद बघितला. माझ्या नावापुढं सगळ्यात जास्त बास्केट. बोरीचीच्या नावापुढं भोपळा. आमच्या कॉलेजातून एकच घ्यायची होती, त्यांनी मला घेतलं. सर म्हणाले, "साहेब, ती बुटकी घ्या. खरा खेळ तिचा आहे." साहेबांनी कागदावर बोट ठेवून दाखवलं. मी तिथंच उभी होते. एक शब्द बोलले नाही. कशाला बोलू? मला जर्सी मिळत होती.

पुण्याचा सामना सुरू झाला. मी आपली सवयीप्रमाणं सुटले आणि रिंगेखाली जाऊन उभी राहिले. बॉल आलाच नाही. वळून बघितलं, तर सगळा खेळ दुसऱ्या टोकाला चाललेला आणि शहराच्या पोरी आमच्यावर धडाधड बास्केट मारतायत. पुन्हा सुटले, पुन्हा तेच. मी एकटी रिंगेखाली हात पसरून उभी! शेवटी विभागाच्या सरांनी मला बाहेर काढलं. "निमगाव, तुला आम्ही रिंगेची राखण करायला आणलंय का?" बाकावर बसून मला रडू फुटलं. तोंड टॉवेलात खुपसलं.

दुसऱ्या हाफमध्ये आमची एक मुलगी पाय मुरगळून बाहेर आली, तेव्हा मी स्वतःहून उठले. "सर, मला पळायचं नाही. त्यांची ती बॉल आणणारी मला द्या." सरांनी मला आत पाठवलं.

मी तिच्यापुढं गेले. गुडघे वाकवले. दोन मिनिटांत मांड्यांना आग लागली. हे बोरीची आख्खा सामना कसं करायची? ती मुलगी चपळ होती, दोनदा मला चुकवून गेली. तिसऱ्यांदा मी फक्त तिच्या कमरेकडं बघितलं. ती वळली, मी तिथं. पुन्हा वळली, मी तिथं! सरकत सरकत कोपरा आला. तिनं बॉल उचलला, कुणाला देऊ म्हणून बघायला लागली, आणि मी त्यावर हात मारला. मारला आणि लांब फेकला. आमची एक उंच मुलगी केव्हाच सुटली होती. तिनं पळता पळता बॉल घेतला आणि आत! सगळे तिच्या नावानं ओरडायला लागले, बाकावरच्या पोरी उठून तिच्याकडं धावल्या. मी मधल्या रेघेजवळ गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होते. तिनं माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. आणि मला एकदम आठवलं, मंचरला मीही बघितलं नव्हतं. एकदाही नाही.

तो सामना आम्ही हरलो, पण नंतर असा बॉल मी आणखी तीनदा काढला आणि तिन्ही वेळा वेड्यासारखी ओरडले.

दुसऱ्या दिवशी ओतूरला उतरले ती थेट कॉलेजच्या मागं गेले. बोरीची कोब्यावर एकटीच बसून बुटाची नाडी बांधत होती. एसटीत सगळा रस्ता मी ठरवत आले होते काय बोलायचं ते. पण तिला बघितल्यावर पिशवीतून निळी जर्सी काढली आणि तोंडातून एवढंच निघालं, "ही जर्सी तुझी होती."

मला वाटलं ती म्हणेल, असू दे गं, त्यात काय एवढं. सगळे असंच म्हणतात.

तिनं मान वर केली. "व्हय," ती म्हणाली. "माझीच व्हती. मला बी लई पाहिजे व्हती."