न चाखलेलं पोर्क

जर्मनीत झिंडेलफिंगेनला आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या संध्याने जन्मात कधी अंडंसुद्धा फोडलं नव्हतं. गेल्या वर्षी ती डुकराच्या खांद्याचा भलामोठा तुकडा घेऊन घरी आली, तेव्हा मला तिचा राग आला. तिचा कमी, तिच्या लेकाचा जास्त.

रुद्र नोकरीनिमित्त हॅम्बर्गला असतो, मैत्रीण लेनाबरोबर राहतो. वर्षातून एकदा दोघं येतात, बॅगा टाकतात आणि जेवायला बाहेर जातात. इथे खाण्यासारखं काही नसतं, असं त्याने एकदा आईला सरळ सांगितलं, तेही जर्मनमधून. मराठी त्याला सगळं कळतं, बोलायचं तेवढं जिवावर येतं. संध्याला ते फार लागलं. मुलाने एकदा तरी आपल्या टेबलावर पोटभर जेवावं, एवढंच तिला हवं होतं. लेनाने कधीतरी हवाईत खाल्लेल्या पोर्कचं कौतुक केलं होतं, ते हिने बरोबर लक्षात ठेवलं.

तिचा नवरा चंद्रशेखर म्हणाला, घरात शिजवायचं नाही. म्हणून स्लो कुकर गेला बाल्कनीत. सुरी वेगळी, पातेलं वेगळं. एशियन दुकानातून केळीची पानं आणून तिने सत्यनारायणाला पुसतो तशी पुसली आणि त्यांत मांस गुंडाळलं. वर मीठ आणि बाटलीतल्या धुराचे थेंब. हो, इथे धूरही बाटलीत मिळतो. बाकी मसाला काही नाही, सगळी मदार मिठावर. रेसिपीत जाडं मीठ होतं, तिने तेवढेच चमचे घरातलं बारीक मीठ घातलं, आणि बारीक मीठ चमच्यात जास्त मावतं. हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी ते मांस इतकं मऊ झालं, की काट्याने ओढलं तरी धागे सुटत होते. नाक न मुरडता, मन लावून ती ते सोडवत बसली. मी सगळं खाते. म्हटलं, चिमूटभर दे, मीठ बघते. तिने माझा हात बाजूला सारला.

"रुद्रच्या आधी? उष्टं होईल."

नैवेद्याचा स्वयंपाक ती कधी चाखत नाही, आणि मीठ कधी चुकत नाही. पण तो अंदाज वरणभाताचा.

जेवायला मलाही बसवलं. चंद्रशेखर टोकाला दहीभात घेऊन बसला होता. रुद्रने एक घास घेतला, पाणी प्यायला आणि चाखून नाही का बघितलंस, असं जर्मनमध्ये विचारलं. लेना बिचारी भाताबरोबर गिळत राहिली.

संध्याने त्याच्याच ताटातला एक तुकडा काट्याने उचलून तोंडात घातला. चंद्रशेखर ताट तसंच टाकून उठून गेला. तिने नीट चावलं, गिळलं.

"खारट झालंय खरं," ती म्हणाली. "पाणी घालून परत गरम करते. थांब थोडा."

रुद्रने घड्याळ बघितलं. त्याची गरज नाही, म्हणाला, स्टुटगार्टला टेबल रिझर्व्ह केलंय. मला वाटलं, आत्ता फोनवर केलं असेल. लेनाने मान खाली घातली आणि हळूच सांगितलं, गेल्या आठवड्यातच केलंय.

संध्याच्या हातात अजून तो काटा होता.

"किती जणांचं रे?" तिने विचारलं.

"त्स्वाय," रुद्र म्हणाला. दोघांचं.