बद्द वाजलेलं मडकं

नंदाच्या उजव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत, भाजल्याचा डाग आहे. तो कसा पडला हे सेलूत आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. का पडला, ते फक्त मला. नवऱ्याला कधी बोलले नाही. आईपाशी तिच्या शेवटच्या दिवसांत दोनदा तोंड उघडलं — आणि औषधाचं विचारून उठले. आज तुमच्यापाशी बोलते आहे. ऐका.

नंदा माझी धाकटी जाऊ. दीर काविळीनं गेला तेव्हा तिची मुलगी पहिलीत होती. एकाच अंगणात आमची घरं, त्यामुळे वर्षभर दोघी मायलेकी माझ्याच चुलीवर जेवल्या. मोठीनं बहिणीसारखं सांभाळलं, असं लोक म्हणायचे. सांभाळलंच मी, उगाच नाही कशाला म्हणू? पण मला ते आवडत होतं. भाजीत मीठ किती टाकू, पोरीला डॉक्टरकडे नेऊ का, सगळं ती मला विचारायची. माझ्या घरात मला कोण विचारत होतं? नवऱ्याला विचारल्याशिवाय मी माहेरीसुद्धा गेले नाही कधी. नंदा मात्र मला विचारायची.

लांब रोटी तिला मीच शिकवली. आमच्याकडे लग्नकार्याला ती लागतेच. मिठाच्या पाण्यात कणीक सैल तिंबायची, गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत पसरवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद टाकायचा. माझ्या आईचा हात यात बसलेला होता, नंतर माझा. नंदाच्या रोट्या दोन महिने फाटल्या. मी हसायचे, तीही हसायची. आणि मग एक दिवस जमली — पातळ, अख्खी, माझ्याहून लांब.

शेजारच्या बारशाला तिला बोलावलं. मग एका तेरवीला. मग लोक अंगणात येऊन थेट तिच्याच दाराशी जायला लागले. तिनं आपली चूल वेगळी मांडली, आणि तीही मला न विचारता. दिवाळीत एकटी बसनं रोहण्याला माहेरी गेली, येताना माझ्यासाठी हिरव्या बांगड्या घेऊन आली. स्वतःच्या कमाईच्या. मी हसून हात पुढे केला. काय सांगू तुम्हाला — त्या बांगड्या भरताना माझा नुसता जळफळाट होत होता. मला नवरा होता, घर होतं, आणि मी एका पिनेसाठी हात पसरत होते. तिचं सगळं गेलेलं, आणि ती मला बांगड्या भरत होती! नवरा तर एकदा जेवताना म्हणाला, नंदाच्या रोटीची सर नाही कोणाला. त्या रात्री मी जेवले नाही. पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. दुखतच होतं म्हणा.

मग केळझरचं साक्षगंध आलं, साखरपुड्याचं जेवण. एवढ्या पानांचं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. तिचं मडकं झिजलं होतं, म्हणून मी बाजारातून आणलेल्या दोन नव्या मडक्यांतलं एक तिनं मागितलं. मडकं घेताना टिचकी मारून बघतात. पक्कं असलं तर टण्ण वाजतं. तडा असला तर बद्द. दिसत नाही तडा, पण आवाजात कळतो. बाजारात दोन्ही टण्ण वाजली होती; देताना मी पुन्हा वाजवली. एक टण्ण वाजलं. दुसरं —

दुसरं मी तिला दिलं.

आणि तिनं वाजवून का पाहिलं नाही? कारण ते मी तिला शिकवलंच नव्हतं. राहून गेलं, असं मी स्वतःला सांगत आले. राहिलं नव्हतं. हातचं राखून ठेवलं होतं.

मडकं फुटेल, चारचौघांत फजिती होईल आणि ती परत माझ्या चुलीपाशी येऊन बसेल — एवढंच मनात होतं. भाजेल असं नव्हतं वाटलं. पण तापलेलं मडकं फुटताना कोणाला विचारून फुटतं का?

केळझरला मी तिच्या शेजारीच कणीक मळत होते. ती रोटी टाकायला वाकली आणि मडकं फुटलं. तापलेली खापरी तिच्या हाताला चिकटली. तिनं लगेच हात पाण्यात बुडवला, ओलं फडकं गुंडाळलं आणि घरमालकिणीला म्हणाली, "लोखंडी कढई असन तं द्या बाई, मले पालथी टाकून भागते." एका हातानं पसरवायची, लहान लहान, पण रोट्या पुऱ्या केल्या तिनं. एक पान उपाशी उठलं नाही.

आता सगळ्यात वाईट सांगते. पुढचे पंधरा दिवस मी तिला भरवलं, तिची वेणी घातली, पट्टी बदलली. "ताई, पाणी दे वं," म्हणायची. ते पंधरा दिवस मी सुखात होते. इतकी सुखात की पट्टी सुटायचा दिवस आला तेव्हा मला रडू आलं. तिला वाटलं, आनंदानं.

आज नंदा चार बायका हाताशी घेऊन काम करते. त्यांतल्या दोघी नवऱ्यानं टाकलेल्या. मलाही कधीमधी कणीक तिंबायला बोलावते. नवी बाई आली की नंदा तिच्या हातात आधी कणीक देत नाही, मडकं देते आणि टिचकी मारायला लावते. कोणी विचारलंच तर बाही वर करून डाग दाखवते.

परवा एक नवी आली. तिनं डाग पाहून विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं का?

"ताईनं तं सांगतलंच असन," नंदा म्हणाली, "माह्यंच ध्यान नसन."

आणि माझ्याकडे बघून हसली. परातीत माझे दोन्ही हात कोपरापर्यंत कणकेनं भरले होते.

मी मान हलवली. हो म्हणून.