मी मोडलेली पंगत

माझ्या हातून फार मोठी पापं घडलेली नाहीत. प्राथमिक शिक्षकाला तशी सवडच मिळत नाही. पण जी लहान घडली, ती मला अजून नीट आठवतात, आणि त्यातलं एक सांगून टाकलेलं बरं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी हातकणंगले तालुक्यातल्या एका गावात मी मुख्याध्यापक झालो. शाळा म्हणजे चार खोल्या, चार वर्ग आणि माझ्यासकट चार शिक्षक. मुख्याध्यापकाची खुर्ची इतरांसारखीच होती, फक्त तिला हात होते. त्या हातांवर कोपरं टेकली की आपण काहीतरी करून दाखवलं पाहिजे, असं वाटायला लागायचं.

मी येण्याआधीपासून त्या शाळेत एक रीत होती. मधल्या सुट्टीत चौथीच्या, म्हणजे माझ्या वर्गात सतरंजी पसरायची, चारही डबे मध्ये उघडायचे आणि ज्याला जे हवं ते त्याने घ्यायचं. तिसरीच्या बाई कोल्हापुरातून एसटीने यायच्या, त्यांच्या डब्यात हमखास खर्डा. पहिलीचे गुरुजी गावातलेच, निवृत्तीला आलेले, त्यांच्या घरून गरम भाकरी आणि वांग्याचं भरीत यायचं. दुसरीच्या सरांचं लग्न व्हायचं होतं. त्यांच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी असायची आणि मनात दुसऱ्यांच्या डब्यांबद्दल अपार आदर.

"बाई, तुमचा खर्डा खाऊन काल वर्गात डोळ्यातनं पाणी आलं," गुरुजी म्हणायचे. "पोरांना वाटलं, बेचा पाढा चुकला म्हणून मीच रडायला लागलो."

"मग आज घेऊ नका."

"असं कुठं म्हटलं मी? वाढा की."

एकदा केंद्रप्रमुख बरोबर मधल्या सुट्टीतच तपासणीला आले. आत हशा चाललेला, बाहेर पोरांचा धुडगूस. "पंगत जोरात हाय की!" ते म्हणाले, आणि बसून चतकोर भाकरीही खाल्ली. ते हसून बोलले होते हे इतर तिघांना कळलं. मला फक्त शब्द ऐकू आले. दुसऱ्या दिवशी मी सूचनावहीत लिहिलं: मधल्या सुट्टीत प्रत्येक शिक्षकाने आपापल्या वर्गात बसून डबा खावा, विद्यार्थ्यांवर लक्ष ठेवावे व उरलेल्या वेळात प्रगतीचे तक्ते भरावेत. तिघांनी वाचून सह्या केल्या.

"आणि भरीत?" गुरुजींनी विचारलं.

"भरीतसुद्धा वर्गातच."

"बरं साहेब," ते म्हणाले. तोवर ते मला बाळ म्हणत.

शाळा शांत झाली. व्हरांड्यातून फिरताना मला ती शांतता माझी कामगिरी वाटायची. बाई आता टेबलावर डस्टर आपटायला लागल्या होत्या आणि दुसरीचे सर दुपारनंतर पोरांवर खेकसायचे. हे मला ऐकू येत होतं, पण मी त्याला शिस्त समजलो.

शाळेत तेव्हा खिचडी शिजत नव्हती. गावातली पोरं जेवायला घरी पळायची, मळ्यातली पोरं डबा आणायची आणि व्हरांड्यात रांगेनं ठेवायची. थंडीच्या दिवसांत डब्यांच्या तक्रारी सुरू झाल्या.

"सर, आईनं चपाती आन् गवार दिलती. उघडला तर आत ही भाकरी!"

भाकरी म्हणजे बोटभर जाड, मध्ये कच्ची आणि कडेला काळी. रोज एकाच्या डब्यात ती निघायची. मी खांबाआड उभा राहून पाळत ठेवली. तिसरीतली एक मुलगी वर्गातून पाणी प्यायला म्हणून आली, दोन डबे उघडले, आतल्या जेवणाची अदलाबदल केली आणि झाकणं लावली. मी तिला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी परिपाठाला तिला सगळ्यांसमोर बोलावलं.

"दुसऱ्याचा डबा घेणं म्हणजे चोरी," मी म्हणालो.

"मी घेटला न्हाय. बदलला," ती म्हणाली.

पोरं खदखदून हसली. "उलट बोलू नकोस," म्हणून मी तिला प्रतिज्ञा, बातम्या, सुविचार संपेपर्यंत तिथंच उभं केलं. त्या दिवशीचा सुविचार प्रामाणिकपणावर होता. फळ्यावर तो मीच लिहिला होता.

त्यानंतर ती शाळेत आली नाही. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई तक्ता घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"हिच्यापुढं काय लिहू, सर?"

"गैरहजर."

"ते लिहिलं. कारणाचा रकाना न्हाय ह्यात." त्यांनी तक्ता टेबलावर ठेवला. "आई बाळंतपणाला कुरुंदवाडला माहेरी गेलीया. वडील साखर कारखान्यात. घरी आजोबा भाकऱ्या थापतात. पोरीची भाकरी बघून पोरं हसायची, म्हणून ती बदलायची."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"कुठं सांगायचं? पंगतीत सांगितलं असतं. गुरुजींनी दुसऱ्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त आणल्या असत्या, विषय संपला असता. तुम्ही म्हणालात तक्ते भरा. भरले."

चौथीचा वर्ग बाईंच्या ताब्यात देऊन मी सायकल काढली आणि तिच्या मळ्याकडे गेलो. आजोबा गोठ्यापुढे वैरण तोडत होते.

"या पावणं! ऊस बघाय आलासा व्हय?"

"मी शाळेतला हेडमास्तर."

"अरारा, बसा की मग! पर तुम्ही हिकडं, तर तिकडं शिकवतंय कोण? पोरगी सकाळीच साळंला गेलीया. डबा मी सोता बांधून दिलाय."

मला येतानाच्या वाटेवरच्या दोन विहिरी आठवल्या, दोन्ही बिनकठड्याच्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, परिपाठासकट. त्यांनी विळा खाली ठेवला.

"म्हंजे माज्या भाकरीमुळं व्हय?"

"भाकरीमुळं नाही. माझ्यामुळं."

"करपती, हे खरं हाय," ते म्हणाले. "जल्मात कवा चुलीफुडं बसलो न्हवतो. चला. कुठं आसंल ते म्हाईत हाय मला."

उसाच्या दोन पट्ट्यांपलीकडे गुऱ्हाळ चालू होतं. तिथे पिळलेल्या उसाच्या चोयट्यांच्या ढिगावर दप्तर उशाला घेऊन ती बसली होती आणि आजोबांची तीच जाड भाकरी काकवीत बुडवून खात होती. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. गूळ करणारा गुळव्या कढईतला रस हलवता हलवता हसला.

"या मोठं गुरुजी! आमाला वाटलं, तुमची साळा सुटली आसंल. ही रोज हितं पाढं म्हणती, आमची माणसं बी शिकली. मला बी सोळापातूर पाढं येत्यात."

मी तिच्यापुढे उकिडवा बसलो. "शाळेत चल."

"न्हाय."

"का?"

"समद्यांम्होरं चोर म्हणलासा."

"माझं चुकलं."

तिनं बोटावरची काकवी चाटली आणि आजूबाजूला बघितलं. "हितं म्हणून काय उपेग? हितं कोण हाय? समद्यांम्होरं म्हणा की."

"बराबर हाय!" गुळव्या ओरडला.

"ए, सरांस्नी आसं बोलत्यात व्हय?" आजोबा म्हणाले, पण त्यांनी तोंड फिरवलं होतं आणि हसण्यानं त्यांचे खांदे हलत होते. सगळ्यांसमोर म्हणायचं मी कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी ती आजोबांचं बोट धरून आली. आजोबांनी धुतलेला पटका बांधला होता. दोघं फाटकाबाहेरच थांबली. परिपाठासाठी सगळी शाळा रांगेत उभी होती. मी पुढे झालो, घसा साफ केला आणि म्हणालो, "मुलांनो, मागच्या आठवड्यात डब्यांबाबत एक गैरसमज झाला होता. तो आता दूर झालेला आहे."

आज हे लिहितानाही माझे कान गरम होतात. आदल्या दिवशी गुऱ्हाळावर जे सहज तोंडातून निघालं होतं, ते शंभर पोरांसमोर मला बोलता येईना. मी वर्तमानपत्रासारखा बोललो.

"चला आबा," फाटकाकडून आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "ह्येंनी म्हणलंच न्हाय."

ती खरंच वळली. आजोबाही तिच्यामागे वळले. बाई माझ्याकडे बघत होत्या, आणि ती पुन्हा या फाटकातून आत येणार की नाही हे माझ्या पुढच्या वाक्यावर होतं.

"थांब!" मी ओरडलो. मग रांगांकडे तोंड केलं. "माझं चुकलं. हिनं चोरी केली नव्हती. मी हिला काही न विचारता चोर म्हणालो, आणि सगळ्यांसमोर उभं केलं. माझं चुकलं."

मग पहिलीच्या रांगेतून एक बारीक आवाज आला, "मग आता सर हुबं ऱ्हाणार व्हय?"

गुरुजींनी खोकल्याचा आव आणून रुमाल तोंडाला लावला. मी सगळ्यांसमोर, ती उभी होती त्याच जागी जाऊन उभा राहिलो. प्रतिज्ञा झाली, बातम्या झाल्या, सुविचार झाला. बातम्या वाचणारा चौथीतला पोरगा हसू दाबताना तीनदा अडखळला. मी हलू शकत नव्हतो, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला दिसलं: ती फाटकातून आत आली, तिसरीच्या रांगेत घुसली आणि शेजारणीला म्हणाली, "सरक की."

त्या दुपारी सूचनावहीत मी जुनी सूचना रद्द केली आणि सतरंजी पसरली. आजोबा तिच्यामागून आत येऊन सकाळपासून व्हरांड्यातच बसले होते, त्यांनाही आत ओढलं. त्यांनी संकोचत आपल्या भाकरीचं फडकं सोडलं. बाईंनी भाकरी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"आबा, पीठ जास्त मळा. आन् जाळ कमी."

"किती कमी?"

"आता हाय त्याच्या निम्मा."

"निम्मा?" आजोबा चकित झाले. "मला वाटलं, जाळ कमी पडतोय."

दारात ती उभी होती. तिला आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं, तिची नजर फक्त त्या भाकरीवर होती. दुसरीच्या सरांनी भाकरी भरतात कुस्करली, वर खर्डा घेतला आणि मान खाली घालून खात सुटले. शेवटचा काळा तुकडाही त्यांनी सोडला नाही.

"संपली?" तिनं विचारलं.

"संपली," तोंड भरलेलं असताना सर म्हणाले. "उद्या दोन घेऊन ये."

तिनं आजोबांकडे एकदा बघितलं आणि खेळायला पळाली.