शाईने भरलेले तीन चौकोन

आता तुमच्यापासून काय लपवायचे? चहा निवण्यापूर्वी सांगून टाकते. परंतु हसायचे ते कप बशीत ठेवून!

मी जुनी मॅट्रिक. रविवारचे शब्दकोडे मी शाईच्या पेनाने सोडवते आणि एकदा लिहिलेले अक्षर खोडत नाही. पेन्सिल वापरणाऱ्यांचा स्वतःवर भरवसा नसतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या रविवारी कोड्याचा विषय निघाला टीव्हीवरील मालिका! म्हणजे शत्रूचाच प्रांत. सोमाटण्याच्या आमच्या इमारतीत सुनंदा आणि वत्सला या माझ्या जिवलग मैत्रिणी. त्यांच्याबरोबर चहा घेतल्यावाचून माझी संध्याकाळ सरत नाही. मात्र मालिकेची वेळ झाली की दोघी उठून जात. "रिकामटेकड्यांचे उद्योग!" असे मी त्यांना कितीदा तरी सुनावले असेल. आता कोणत्या तोंडाने त्यांनाच उत्तर विचारायचे?

म्हणून मी युक्ती केली. कोड्याचा उल्लेखही न करता त्यातला अडलेला प्रश्न इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर जसाच्या तसा उतरवला:

"गॅलरीत उभी राहून सर्वांच्या घरांवर नजर ठेवणारी व उठताबसता लोकांच्या चुका काढणारी बाई कोण? नावाची अक्षरे तीन. माहिती असल्यास सायंकाळपर्यंत अवश्य कळवावे. – विमल"

कसा निर्दोष मजकूर! मी समाधानाने गॅलरीत जाऊन उभी राहिले. समोरच्यांनी चादर पुन्हा उलटी वाळत घातली होती. तसे त्यांना ओरडून सांगितले.

तेवढ्यात बेल वाजली. दारात सुनंदा!

"विमलताई, अक्षरं मोजून बदनामी करता होय? सरळ नाव घ्यायचं ना!"

"अगं, कोणाची बदनामी?"

"सु-नं-दा! मोजा!"

तिच्या मागून जिना चढत वत्सला आली. तिचे माहेर औंढ्याचे. आवाज शेताच्या बांधावरून हाक मारण्याचा.

"आन् व-त्स-ला किती व्हत्यात? मला मोजता येत न्हाई व्हय? मी गॅलरीत जाते ती मिरच्या वाळवाया! कुनाच्या घरात डोकवाया न्हाई!"

"तुझं नाव कोणी घेतलंय?" सुनंदा फणकारली.

"मग तुजं घेतलंय व्हय?"

इकडे गटावर चौथ्या मजल्यावरच्या चार अक्षरी कलावतीबाईंनी लिहिले होते, "देव करो आणि ती लवकर सापडो."

"उद्यापासून आमचा चहा आमच्या घरी!" असे म्हणून सुनंदा वळली, तशी मी धावत जाऊन तिची वाट अडवली. कसली अब्रू आणि कसले काय!

"थांबा! ते... शब्दकोडे आहे. मालिकांचे."

दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या.

"तुमी? आन् मालिका?" वत्सला सोफ्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून जी हसत सुटली, ती थांबेचना! मग काय, चहा ठेवला, चष्मे चढले.

"मेल्यानंतरही दिवाळसणाला हजर झालेला जावई?" मी वाचले.

"मकरंद!" दोघी एकदम ओरडल्या.

"विमानातून पडलेला," सुनंदाने खुलासा केला. "पण नदीतून वाहत आला."

"याददाश्त गेलती त्याची," वत्सला म्हणाली. "सासऱ्याची बी गेलती, पर ते सोंग व्हतं."

"मग पुढे काय झाले?" हे मीच विचारले, बरे का!

'मकरंद' उभा लिहिला आणि त्याचा 'म' नेमका त्या वादग्रस्त शब्दाच्या मधोमध येऊन बसला.

सुनंदाने बोटांवर मोजले. "माझ्यात 'म' नाही."

"माज्यात बी न्हाई," वत्सलाने सुस्कारा सोडला.

मग दोघींनी माझ्याकडे पाहिले. नंतर उघड्या गॅलरीकडे. पुन्हा माझ्याकडे.

"लिवा की, ताई," वत्सला अगदी अदबीने म्हणाली. "चपखल बसतंय बगा."

नियम म्हणजे नियम. मी लिहिले.

पुढच्या रविवारी खरे उत्तर छापून आले: 'कमल'. या कमलला त्या दोघी मालिकेत रोज पाहत होत्या; कोड्याचे नाव काढताक्षणीच त्यांनी तिला ओळखले होते! आता आम्ही तिघी मिळून तिची कारस्थाने पाहतो, चहाही टीव्हीसमोरच होतो.

माझ्या कोड्यात मात्र आजही 'विमल'च आहे. शाईने लिहिलेले मी खोडत नाही.