करंबेळकरबाईंची बिनरिव्हर्सची गाडी

सुनेत्रा करंबेळकर आणि मी रत्नागिरीच्या एकाच शाळेत शिकवायचो. ती गणित, मी संस्कृत. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तिचा डावा पाय लुळा पडला होता. लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून ती काठीच्या आधाराने चालायची. फळ्यापाशी उभी राहून लागोपाठ दोन तास शिकवायची, पण घरापासून शाळेपर्यंत तिला कुणीतरी न्यावं लागे. कधी नवरा, भास्करराव, स्कूटरवरून सोडत, नाहीतर रिक्षा. रिक्षा आली नाही की पहिला तास बुडायचा. मग दिवसभर ती कुणाशी धड बोलत नसे.

१९८४ साली तिचे थोरले दीर दत्तात्रेय मस्कतची नोकरी सोडून परत आले. येताना त्यांनी आपली जपानी गाडी बोटीने आणली होती. पुण्यात त्यांच्या बिऱ्हाडाखाली गाडी ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती रत्नागिरीच्या घरी ठेवून गेले. पांढरी, लांबलचक गाडी, स्टिअरिंग डाव्या बाजूला. भास्कररावांनी ती दोन दिवस चालवली आणि चहा पिता पिता सहज म्हणाले, "गंमत आहे, हिला क्लचच नाही. गियर आपापले पडतात. डाव्या पायाला कामच नाही."

सुनेत्राने कप खाली ठेवला. "मग मी चालवीन," ती म्हणाली.

तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. रोज संध्याकाळी चंपक मैदानावर जाऊन दीड महिन्यात शिकली. लायसनच्या परीक्षेला साहेबांनी खाली वाकून क्लच शोधला, मग तिचा पाय पाहिला, आणि चढावर गाडी थांबवून पुन्हा चालू करायला सांगितली. तिने केली. साहेबांनी सही केली.

तेव्हापासून मीही तिच्याबरोबर जाऊ लागले. ड्रायव्हर डावीकडे बसल्यामुळे पुढच्या ट्रकच्या पलीकडचं तिला दिसायचं नाही. मी उजवीकडे बसून सांगायची, "थांब, एसटी येतेय," किंवा "जा आता." पहिलं वर्ष सुखात गेलं.

मग गियर त्रास देऊ लागले. सकाळी दांडा पुढच्या खुणेवर आणला तरी गाडी जागची हलायची नाही. आठ-दहा सेकंदांनी एकदम धक्का बसून निघायची. तापली की चढावर इंजिन नुसतं ओरडायचं, चाकं मात्र ढिम्म. सुनेत्राने तिच्या खोडी पाठ केल्या. निघण्याआधी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायची, चढ यायच्या आधीच दांडा खालच्या गियरला आणायची, भर उन्हात पंधरा मिनिटं सावलीला थांबायची. मी वैतागले तर म्हणे, "तुझ्या शब्दरूपांना अपवाद असतात ना, तसे हिलाही आहेत."

गाडी बघायला रावजी यायचे. मूळचे संगमेश्वरकडचे, मुंबईत टॅक्सींच्या गॅरेजात बारा वर्षं काढून गावी आलेले. हात चांगला होता, पण असली गाडी त्यांनीही पाहिली नव्हती. गियरबॉक्समधलं तेल कमी वाटलं म्हणून त्यांनी ट्रकला घालतात तसलं जाड तेल ओतलं. त्यानंतर दुखणं वाढतच गेलं.

१९८७च्या मे महिन्यात पूर्णगडला नात्यातलं लग्न होतं. सुनेत्रा, भास्करराव, तिच्या सासूबाई आणि मी असे चौघं गाडीने गेलो. येताना खाडीवरून वर येणाऱ्या चढाच्या मध्यावर गाडी थांबली. पुढे जाईना. कडेला घ्यावी म्हणून रिव्हर्स टाकला, तर तोही लागेना. मागे एसटी येऊन हॉर्न वाजवू लागली. शेवटी एसटीतल्या माणसांनीच उतरून गाडी ढकलून कडेला लावली. सासूबाई नऊवारी शालू सावरत रस्त्यावर उभ्या, सगळी एसटी त्यांच्याकडे बघतेय. आम्ही त्याच एसटीने घरी आलो. गाडी दुसऱ्या दिवशी रावजींनी ट्रकला बांधून आणली.

चार दिवसांनी माझा चष्मा त्यांच्याकडे राहिला होता तो आणायला मी गेले. सुट्टी असल्यामुळे सुनेत्रा ओटीवर पेपर तपासत बसली होती. तेवढ्यात रावजी आले. भास्करराव घरात नव्हते.

"बाई, एक इचारायचंय," रावजी उभ्यानेच म्हणाले. "सायबांनी देशी गियरबॉक्स बसवायला सांगितलाय. मोडीतल्या एका गाडीचा मिळालाय. बसंल तो, नि तरास नाय द्यायचा. पण त्याला क्लच लागणार. मी म्हटलं, तुमाला इचारल्याशिवाय हात लावायचा नाय."

सुनेत्राला यातलं काही ठाऊक नव्हतं. "बरं केलंत," एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा पेपर पुढे ओढला. त्या पेपरची बेरीज तिने तीनदा केली, तिन्ही वेळा वेगळी आली.

रावजी गेल्यावर भास्करराव आंब्याच्या बागेतून आले, तेव्हा मी उठू लागले. तिने मला हाताने बसवलं.

"अहो, गाडीला क्लच बसवताय म्हणे?"

"हो. आईला पुन्हा असं रस्त्यात उभं करायचं का? गाडी घरातल्या सगळ्यांची आहे."

"सगळ्यांची आहे, खरंय. तुम्ही क्लचसकट चालवाल, भावोजी चालवतील. मी परत फाटकात रिक्षाची वाट बघत उभी."

"मी सोडीन ना तुला."

"पंधरा वर्षं सोडलंत. तुमचा नाही हो कंटाळा आला मला." तिने पेपर बाजूला सारले. "वाट बघायचा आला."

भास्करराव पायऱ्या उतरून आले तसे बाहेर गेले. मला वाटलं, रागावले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी रावजींना आहे तोच गियरबॉक्स उघडायला सांगितलं.

गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक होतं. दोन रविवार सुनेत्रा अंगणात खुर्ची टाकून त्यातलं एकेक वाक्य मराठीत सांगत होती आणि रावजी सतरंजीवर एकेक भाग मांडत होते. आतली गाळणी जाड तेलाच्या चिखलाने बुजून गेली होती. रावजींनी ती हातात घेतली, बराच वेळ बघितली.

"बाई, ही चूक माझी."

"पुस्तक माझ्याकडेच होतं. मी तरी कुठे उघडलं?" ती म्हणाली.

गाळणी धुतली, झिजलेल्या रबरी कड्या बदलल्या, योग्य ते लाल पातळ तेल मुंबईहून मागवलं. गाडी जोडल्यावर पुढचे गियर छान पडू लागले. रिव्हर्सच्या चकत्या मात्र जळाल्या होत्या आणि त्या कुठेच मिळेनात.

"फुडं जाईल," रावजी म्हणाले. "मागं नाय."

अडचण घरातच होती. त्यांच्या आवाराला एकच फाटक. गाडी सरळ आत यायची आणि रिव्हर्सनेच बाहेर पडायची. आठ दिवस शेजाऱ्यांनी ढकलली. नवव्या दिवशी सकाळी भास्कररावांनी पहार घेतली आणि मागच्या आळीच्या बाजूचा, कुंपणाचा जांभ्या दगडाचा गडगा फोडायला सुरुवात केली.

सासूबाई धावत आल्या. "अरे, माझी सोनटक्क्याची रांग आहे तिथे!"

"दुसरीकडे लावू आई. गाडी पुढून येईल, मागून जाईल."

मग सासूबाई पदर खोचून कंद उपटून टोपलीत भरायला लागल्या. काढलेल्या चिऱ्यांचं त्यांनी विहिरीपाशी कपडे धुण्यासाठी जोतं बांधून घेतलं.

पुढे सुनेत्राने सगळं गावच बिनरिव्हर्सचं करून टाकलं. जिथून पुढे निघता येईल तिथेच ती गाडी लावायची. शाळेत इमारतीला वळसा घालून बाहेर पडायची मुभा मुख्याध्यापकांनी दिली. चढावर मात्र गाडी पुन्हा कधी दगा देईल याची धाकधूक गेली नाही. तरी सुनेत्रा जायची.

१९८९ साली शालान्त परीक्षेला संगमेश्वरच्या केंद्रावर तिची केंद्रसंचालक म्हणून नेमणूक झाली. अशा नेमणुका तिने आजवर नाकारल्या होत्या. या वेळी तिने तिथल्या मुख्याध्यापकांना कार्ड टाकलं, आपल्या आवारात गाडी गोल वळवायला जागा आहे का? त्यांनी उत्तरात आवाराचा नकाशा काढून पाठवला. पिंपळाभोवती जागा होती. सुनेत्रा परीक्षेचे सगळे दिवस रोज सकाळी सहाला एकटी निघाली आणि रोज दुपारी घरी जेवायला आली.