गार्ड काढलेला ग्राइंडर

आज सकाळी सव्वादहा वाजता आमच्या गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये हवेवर चालणाऱ्या ग्राइंडरचं चाक फुटलं. फाटकाची कडी जोडून घ्यायला मी तिथेच उभी होते.

ग्राइंडरचा गार्ड, म्हणजे चाकावरचं संरक्षक झाकण, काढलेला होता. मी हटकलं, तर मालक म्हणाले, "आज्जी, गार्डनं हात अडतोय. काय होत न्हाय की!" वर काम लवकर उरकावं म्हणून त्यांनी हवेचा दाब वाढवला, तसं चाक झेपेना इतकं जोरात फिरू लागलं आणि फुटलं.

चाकाचा तुकडा रमेश या कामगाराच्या डोळ्यात घुसला. डोळा वाचेल का, हे डॉक्टर उद्या सांगतील.

मालक म्हणतात, "नशीब त्याचं!" खंडेनवमीला याच ग्राइंडरला हार घालतात. गार्ड तेवढा जड होतो?

मंडळी, तुमच्या शेजारीही असंच चालतं का?

आणि मालक, रमेशच्या उपचारांची जबाबदारी तुम्ही घेताय की नाही? शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी उत्तर हवं.